बास्केटबॉल आणि उड्या एकाच शिक्षकाकडे आल्या तर

शाळेत मुलींचा बास्केटबॉल संघ आणि मैदानी स्पर्धांमधल्या उड्या ही दोन कामं बऱ्याचदा एकाच शिक्षकाच्या गळ्यात पडतात. वेळ तेवढाच, मुलीही बऱ्याचशा त्याच, शिवाय स्वतःचे तास आणि पेपर तपासणं आहेच. कुरकुर करायला भरपूर वाव आहे. तरी मला ही जोडी सोयीची वाटते. मुलगी दोन वेगवेगळ्या प्रशिक्षकांकडे जाते तेव्हा तिच्या गुडघ्यांनी आठवड्यात एकूण किती उड्या झेलल्या, हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नसतं. दोन्ही खेळ तुमच्याकडे असतील तर हिशेब एका हातात राहतो. आणि एका मैदानावर घोटून घेतलेली गोष्ट दुसऱ्या मैदानावर आयती वापरता येते.

याचे दाखले मोठे आहेत. अमेरिकेची जॅकी जॉयनर-कर्सी कॉलेजात असताना यूसीएलए या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातून खेळायची. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तिने ७.४० मीटर लांब उडी मारून सुवर्ण जिंकलं आणि हेप्टॅथलॉनचं, म्हणजे सात मैदानी प्रकारांच्या एकत्रित स्पर्धेचं, सुवर्ण विश्वविक्रमासह मिळवलं. बहामाचा डॉनल्ड थॉमस हा मूळचा कॉलेजचा बास्केटबॉलपटू. २००६ मध्ये तो उंच उडीकडे वळला आणि २००७ मध्ये ओसाकाला जगज्जेता झाला. तंत्र मुळीच पुस्तकी नव्हतं, पण उसळी बास्केटबॉलने आधीच तयार करून ठेवली होती. तुमच्या संघात रिबाउंडला, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू पकडायला, सगळ्यांच्या वर जाणारी जी मुलगी आहे, तिला एकदा उंच उडीच्या मॅटकडे घेऊन जाच.

पहिले दोन आठवडे: बघायचे आणि लिहायचे

निवड चाचणीच्या नावाखाली पहिल्याच दिवशी सामना खेळवू नका. सामन्यात धीट मुली दिसतात, बाकीच्या कोपऱ्यात जातात. त्याऐवजी प्रत्येक मुलीसाठी वहीचं एक पान करा आणि या गोष्टी नोंदवा.

१. उडीचा पाय कोणता. विचारू नका, कारण निम्म्या मुली गोंधळून चुकीचं सांगतात. पाच-सहा पावलं पळून वर टांगलेल्या एखाद्या वस्तूला हात लावायला सांगा. तीन वेळा करून घेतलं की पाय आपोआप कळतो.

२. उभ्या जागेवरून दोन्ही पायांनी लांब उडी, तीन प्रयत्नांतली सर्वांत चांगली.

३. तीस मीटर धाव. लांब उडीसाठी मुली निवडताना मी हा आकडा उभ्या उडीपेक्षा जास्त मानतो. लांब उडीचं अंतर मुख्यतः फळीवर, म्हणजे जिथून उडायचं त्या पट्टीवर, येतानाच्या वेगावर ठरतं.

४. गुडघ्याइतक्या उंचीच्या बाकावरून उतरून दोन्ही पायांवर थांबणं. समोरून मोबाइलवर चित्रण करा. त्यासाठी मुलीची आणि पालकांची परवानगी आधीच घेऊन ठेवा.

५. आधीच्या दुखापती, दमा, चष्मा, आणि गेल्या वर्षभरात उंची झपाट्याने वाढली का.

शेवटचा मुद्दा सहज सुटतो. मुलींची उंची सर्वांत वेगाने साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास वाढते, त्यामुळे माध्यमिक शाळेत येईपर्यंत बहुतेकींची ती लाट ओसरलेली असते. बहुतेकींची, सगळ्यांची नाही. जिचे पाय अलीकडेच लांब झाले आहेत ती काही महिने अडखळते, मागच्या वर्षी जमणारा ले-अप, म्हणजे पळत येऊन उडी मारत रिंगजवळून चेंडू टाकणं, यंदा चुकतो. तिला आळशी ठरवू नका. तिच्या उड्या कमी करा, चेंडूवरचं काम वाढवा आणि वाट पाहा.

आधी उतरणं, मग उडणं

या लेखातला एकच भाग वाचायला वेळ असेल तर हा वाचा.

उड्या आणि अचानक दिशाबदल असलेल्या खेळांत गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या कित्येक पट आढळतं. त्यातही बहुसंख्य वेळा कोणी धक्का दिलेला नसतो. मुलगी रिबाउंड घेऊन उतरते किंवा पळता पळता झटकन वळते, गुडघा जवळजवळ सरळ असतो, तो आतल्या बाजूला कलतो आणि संपलं. शस्त्रक्रिया झाली तर परत खेळायला बहुधा नऊ महिने ते वर्ष लागतं. शालेय खेळाडूचं एक वर्ष म्हणजे तिच्या अख्ख्या कारकिर्दीचा मोठा तुकडा.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. उतरण्याची पद्धत, तोल, मांडीचे मागचे स्नायू आणि कंबरेची ताकद यांवर आठवड्यातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटं काम केलं की या दुखापती लक्षणीय घटतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. अट एकच, ते हंगामभर नेमाने व्हायला हवं. म्हणून मी तो वेगळा व्यायाम ठेवत नाही, वॉर्म-अपच तसा करून टाकतो. वेगळं ठेवलं की सामना जवळ आल्यावर पहिली काट त्यालाच बसते.

क्रम असा ठेवा:

पहिल्या आठवड्यात फक्त थिजणं. जागेवर छोटी उडी, दोन्ही पायांवर उतरायचं आणि दोन सेकंद पुतळा. चवडा आधी, मग टाच. गुडघे वाकलेले, पायाच्या बोटांच्या रेषेत, नितंब मागे, छाती वर. मुलींना एकच सूचना द्या: "आवाज येऊ देऊ नका." गुडघ्याचे कोन समजावत बसण्यापेक्षा हे जास्त काम करतं, कारण आवाज न करता उतरायचं म्हटलं की गुडघे आपोआप वाकतात.

दुसऱ्या आठवड्यात पुढे उडी, बाजूला उडी, हवेत पाव वळसा घेऊन उतरणं. शेवटी तेच, दोन सेकंद पुतळा.

तिसऱ्या आठवड्यापासून एका पायावर. एका पायावर गुडघा आत पडण्याची खोड लगेच उघडी पडते. जिचा गुडघा पडतो तिला त्या दिवशी परत दोन पायांवर आणा आणि बाजूला चालण्याचे व पुलाचे व्यायाम वाढवा. पूल म्हणजे पाठीवर झोपून, पाय दुमडून कंबर उचलणं, पुढे एका पायावर. गुडघा आत पडतो तेव्हा कमजोरी बहुतेकदा गुडघ्यात नसून खुब्याच्या बाहेरच्या स्नायूंत असते.

चौथ्या आठवड्यात चेंडू आणा. उडी, हवेत चेंडू झेलणं, दोन पायांवर उतरणं, पुतळा, मग पास. हाच पुढे तुमचा रिबाउंडचा सराव होतो.

मुलींना हे कंटाळवाणं वाटतं. वाटू द्या. जोड्या लावून एकमेकींना गुण द्यायला सांगितले की कंटाळा जरा कमी होतो.

ले-अप आणि लांब उडी: पावलं तीच

उजव्या हाताचा ले-अप घेताना मुलगी चेंडू पकडून उजवं पाऊल टाकते, मग डावं, आणि डाव्या पायावरून उडते. उजवा गुडघा वर जातो. आता लांब उडीची शेवटची दोन पावलं पाहा. डाव्या पायाने उडणारी मुलगी उजवं, डावं अशीच फळीवर येते आणि उजवा गुडघा वर खेचते. फरक दोन गोष्टींत आहे, वेग आणि दिशा. ले-अपमध्ये पुढचा वेग वर वळवायचा असतो, लांब उडीत तो शक्य तितका राखायचा असतो.

म्हणून ले-अप नीट आलेल्या मुलीला लांब उडीचा ताल नव्याने शिकवावा लागत नाही. तिला एवढंच सांगायचं की शेवटून दुसरं पाऊल किंचित लांब आणि सपाट पडू दे, शेवटचं जरा आखूड आणि चटकन. शेवटून दुसऱ्या पावलावर शरीर थोडं खाली बसतं आणि शेवटच्या पावलावर तिथून वर निघतं. तोंडाने "लांऽब, टक" असा ताल म्हणत सराव करून घ्या. चेंडू घेऊनही करा, चेंडूशिवायही करा.

डाव्या हाताचा ले-अप बास्केटबॉलसाठी लागतोच, पण तो उड्यांसाठीही सोन्यासारखा आहे. त्यामुळे दुसरा पाय उडायला शिकतो, आणि तिहेरी उडीत शेवटची उडी त्याच दुसऱ्या पायावरून असते. उजव्या बाजूला दहा ले-अप झाले की डाव्या बाजूला दहा, हा नियम सरावात मोडू देऊ नका. सुरुवातीला डाव्या हाताने चेंडू रिंगपर्यंत पोचणार नाही. रिंग ३.०५ मीटरवर आहे, मुली आणि मुलगे दोघांसाठी सारखीच. चेंडू मात्र मुलींसाठी सहा नंबरचा असतो. मुलांच्या सात नंबरच्या चेंडूवर मुलींना सराव देणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. त्यात मुली चेंडू ढकलायला कंबरेतून वाकतात आणि शूटिंग कायमचं बिघडतं. दोन चेंडू कमी असले तरी चालतील, पण नंबर बरोबर हवा.

धावेचं माप: घाई न करता

शालेय स्पर्धांत लांब उडीचे पदक बऱ्याचदा ताकदीपेक्षा फाऊलमुळे, म्हणजे उडताना पाय फळीच्या पुढे गेल्यामुळे, हुकतं. फळी वीस सेंटिमीटर रुंद. तिच्यावर पाय पडावा म्हणून मुली शेवटच्या चार पावलांत खाली बघतात, पावलं आखडतात आणि कमावलेला वेग घालवतात. इलाज फळीपाशी शोधू नका, तो धावेच्या सुरुवातीला आहे.

पावलांची संख्या वयाइतकी, हा जुना ठोकताळा नवशिक्यांसाठी चांगला आहे. मी बहुतेक मुलींना बारा पावलांवर सुरू करतो आणि सोळाच्या पुढे फारशा कोणाला नेत नाही. जास्त पावलं म्हणजे जास्त वेग हे तेव्हाच खरं, जेव्हा तिला तो वेग सांभाळता येतो.

माप काढायची पद्धत:

१. धावपट्टीवर मोकळ्या जागी एक रेघ मारा. मुलगी उडीच्या पायाचा चवडा रेघेवर ठेवून उभी राहील. उडीचा पाय डावा आणि पावलं बारा असतील तर पहिलं पाऊल उजवं आणि बारावं डावं पडतं. सम संख्या ठेवली की हा हिशेब सोपा जातो.

२. सुरुवात दरवेळी सारखी हवी. चालत येऊन, उड्या मारत, डुलत सुरुवात नको. उभ्या जागेवरून.

३. तिला फळीचा विचार न करता जोरात पळू द्या. बाराव्या पावलाच्या जागी खूण करा. सहा वेळा.

४. सहा खुणांपैकी सर्वांत लांबची आणि सर्वांत जवळची सोडा. उरलेल्या चार जिथे दाटल्या आहेत तिथपर्यंत टेपने मोजा. हेच तिचं माप. वहीत लिहा आणि तिलाही पाठ करायला लावा.

५. आता हे अंतर फळीपासून मागे मोजून रनवेवर खूण करा. आधी तीन वेळा न उडता नुसतं फळीवरून पळत जाऊ द्या.

६. फळीच्या चार पावलं आधी तुमच्यासाठी एक खूण ठेवा आणि बाजूला उभे राहून पाय तिथे पडतो का ते बघा. ही खूण मुलीसाठी नाही. तिने बघायचं वाळूच्या पलीकडे.

तुमच्या खुणेवर पाय बरोबर पडला आणि तरी फाऊल झाला, तर ती शेवटची पावलं ताणते आहे. खुणेवरच चूक असेल तर सुरुवात बदलते आहे, बहुधा पहिली दोन पावलं. दरवेळी सारखंच पंधरा सेंटिमीटर पुढे जात असेल तर चांगली बातमी, सुरुवातीची खूण पंधरा सेंटिमीटर मागे घ्या. पाठीवर वारा असेल तर पावलं लांबतात, खूण मागे. समोरून वारा असेल तर खूण पुढे. स्पर्धेच्या दिवशी सराव-धावा याच कामासाठी असतात. त्या वेळात पूर्ण उड्या मारून दमायचं नाही.

आणि "उंच उड, उंच उड" असं ओरडणं बंद करा. शाळेतले विज्ञानाचे शिक्षक सांगतील की फेकलेली वस्तू ४५ अंशांत सर्वांत लांब जाते. वस्तूपुरतं ते खरं आहे, पण पळत येणाऱ्या माणसाला ४५ अंश गाठायला जवळजवळ थांबावं लागेल. पाय फळीवर जेमतेम एक दशांश सेकंद टेकतो, तेवढ्यात वेग न मोडता जे वर जाता येईल तेच खरं. जगातले उत्तम खेळाडूही साधारण वीस अंशांच्या आसपास उडतात.

हवेतली हालचाल, म्हणजे हँग किंवा हिच-किक, पहिल्या वर्षी विसरा. गुडघा वर, छाती वर, मग दोन्ही पाय पुढे आणि वाळूला टाचा लागल्या की गुडघे दुमडून पुढे किंवा बाजूला पडणं. हात मागे टेकला की माप तिथून धरलं जातं, हे एकदा प्रत्यक्ष टेप लावून दाखवा. शब्दांनी पटत नाही, टेपने पटतं.

वाळू रोज खणून मोकळी करा, खडे आणि काचा बघा. दाताळं वापरून झालं की दात जमिनीकडे करून, खड्ड्यापासून लांब ठेवा.

उंच उडी: मॅट नसेल तर फ्लॉप नाही

हे आधी ठरवून टाका. पाठीवर पडण्याची फॉस्बरी फ्लॉप पद्धत १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जगाला दिसली, कारण तोवर पडायच्या जागी जाड, मऊ गादी आली होती. वाळूवर किंवा जिम्नॅस्टिक्सच्या पातळ गाद्या रचून फ्लॉप शिकवणं म्हणजे मानेशी खेळणं. किमान पाच मीटर लांब, तीन मीटर रुंद, भरपूर जाडीचा फोम, मध्ये फटी नाहीत, तरच. नसेल तर सीझर्स, म्हणजे बारवरून (आडव्या दांडीवरून) एकेक पाय कात्रीसारखा नेत पायांवर उतरणं. शालेय स्तरावर चांगल्या सीझर्सनेही मुली बऱ्यापैकी उंची ओलांडतात, आणि पुढे फ्लॉप शिकायला तोच पाया लागतो.

फ्लॉपचं सगळं रहस्य वळणात आहे. डाव्या पायाने उडणारी मुलगी बारकडे तोंड करून उभी राहिल्यावर उजव्या बाजूने येते, उजव्या पायाची डावीकडून. उडीचा पाय नेहमी बारपासून लांबचा. आठ पावलं पुरेत, चार सरळ आणि चार वळणावर. वळण खडूने आखा. वळणावर शरीर आतल्या बाजूला घोट्यापासून कलायला हवं, कंबरेतून नाही. सायकल वळवताना आपण जसे कलतो तसं.

इथे बास्केटबॉलपटू मुलीची एक ठरलेली खोड दिसते. शेवटच्या पावलाला ती बारकडे झेपावते, जणू रिंगकडे निघाली आहे. तिला मॅट बाजूला ठेवून, खडूच्या वर्तुळावर पळून सरळ वर उडण्याचा आणि आपल्याच पायखुणेजवळ उतरण्याचा सराव द्या. ते जमल्यावर बारपाशी आणा. पाठ वाकवण्याची चर्चा त्यानंतर.

तिहेरी उडी

लंगडी, पाऊल, उडी. डावा, डावा, उजवा, किंवा उलट. शिकवायला मजेची, शरीराला महाग. वरच्या पातळीवर मधल्या टप्प्यात एका पायावर वजनाच्या दहा पटींहून जास्त भार येतो. म्हणून माझा नियम असा की एक पूर्ण हंगाम उतरण्याचं काम आणि ताकदीचे व्यायाम झाल्याशिवाय कोणाला तिहेरी उडीत उतरवायचं नाही, दुसरी मुलगी मिळत नसली तरी.

सुरुवात गवतावर, सहा पावलांच्या धावेने. सगळ्या नवशिक्या मुली लंगडी उंच मारतात आणि मधलं पाऊल कोसळतं. टाळ्या वाजवा, तीन समान अंतराच्या. टाळ्यांवर पाय पडायला लागले की लंगडी आपसूक बुटकी होते. फळीही वाळूपासून त्यांना झेपेल इतक्या अंतरावर हवी. मोठ्या महिलांसाठीचं अकरा मीटर अंतर शाळकरी मुलींना पेलणारं नसतं. सात-आठ मीटरवर तात्पुरती रेघ मारा.

"मुलींनी इतक्या उड्या माराव्यात का" असं कोणी ना कोणी विचारतंच. ऑलिंपिकलाही हा प्रश्न बराच काळ पडला होता. महिलांची उंच उडी १९२८ मध्ये आली, लांब उडी १९४८ मध्ये, बास्केटबॉल १९७६ मध्ये आणि तिहेरी उडी थेट १९९६ मध्ये. विचारणाऱ्याला या तारखा सांगा आणि कामाला लागा.

संघाचा सराव: थोडक्यात पण पक्का

शालेय मुलींच्या संघाला पंधरा डावपेच शिकवण्यात अर्थ नाही. पाच गोष्टी पक्क्या झाल्या तर संघ स्पर्धेत टिकतो: दोन्ही हातांचा ड्रिबल मान वर ठेवून, छातीचा आणि बाउन्स पास, दोन्ही बाजूंचे ले-अप, बॉक्स-आउट करून (समोरच्या खेळाडूला पाठीने मागे अडवून) रिबाउंड, आणि माणसाला-माणूस डिफेन्स, म्हणजे प्रत्येकीने एकेक खेळाडू अडवणं. झोन डिफेन्सने, म्हणजे प्रत्येकीने मैदानाचा ठरलेला भाग राखून, लहान वयात सामने पटकन जिंकता येतात, कारण समोरच्या संघाला लांबून शूटिंग येत नसतं. पण तुमच्या मुली त्यात बाजूला सरकणं आणि अंगावर येणाऱ्या खेळाडूला अडवणं शिकत नाहीत. पहिलं वर्ष झोन न वापरता काढा, दोन सामने हरलात तरी.

नव्वद मिनिटांचा सराव असेल तर पंधरा मिनिटं उतरण्याचा वॉर्म-अप, वीस मिनिटं चेंडूवरची कौशल्यं, पंचवीस मिनिटं तीनास तीन, वीस मिनिटं पाचास पाच, शेवटी फ्री थ्रो, म्हणजे फाऊलनंतर कोणी न अडवता मिळणारे नेम. तीनास तीनवर माझा विशेष जीव आहे. त्यात लपायला जागा नसते, प्रत्येकीच्या हातात चेंडू येतो आणि "मला पास द्या" म्हणायला लाजणारी मुलगीसुद्धा ओरडायला लागते.

फ्री थ्रो दमलेल्या अवस्थेत घ्या, दोन-दोनच. सामन्यात कोणी तुम्हाला सलग पन्नास देत नाही.

रिबाउंडला दोन पायांवर उडी, दोन पायांवर उतरणं. एका पायावर, चेंडूकडे बघत, दुसरीच्या पावलावर उतरलेली मुलगी घोटा मुरगळते. हे वाक्य हंगामात शंभर वेळा म्हणावं लागतं.

उड्यांचा हिशेब

दोन्ही खेळ एकत्र चालू असताना आठवड्याचा आराखडा साधारण असा बसतो. सोमवारी बास्केटबॉल कौशल्यं आणि ताकदीचे व्यायाम. मंगळवारी पूर्ण धावेच्या उड्या, एका मुलीच्या सहा ते आठ, त्याहून जास्त नाही. बुधवारी फक्त शूटिंग आणि डावपेच, उडी नाही. गुरुवारी आखूड धावेच्या उड्या आणि पुन्हा ताकद. शुक्रवारी सरावसामना. शनिवारी काही हलकं किंवा काहीच नाही, रविवारी पूर्ण सुट्टी. सामना मधल्या दिवशी आला तर त्याच्या आदल्या दिवशीच्या उड्या कापा, दुसऱ्या दिवशी "भरून" काढू नका.

नवीन मुलीसाठी एका दिवसात मोजलेल्या जोरकस उड्या साठ ते ऐंशीपर्यंत ठेवा, आणि अशा दोन दिवसांत अठ्ठेचाळीस तासांचं अंतर. यात रिबाउंडच्या आणि ले-अपच्या उड्याही आल्या. सामन्यात कोण किती वेळा उडते हे बाकावरच्या मुलीला मोजायला बसवा. आकडे बघून तुम्हीच चकित व्हाल.

ताकदीचे व्यायाम वजनांशिवायही होतात: बैठका, लंज, एका पायावर वाकणं, पोटऱ्या उचलणं, प्लँक, आणि जोडीदारणीने घोटे धरून गुडघ्यांवरून हळूहळू पुढे झुकण्याचा नॉर्डिक. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं. नॉर्डिक पहिल्यांदा दोन-तीनच, नाहीतर दुसऱ्या दिवशी जिने उतरता येत नाहीत.

दुखण्याबाबत काही ठाम नियम लागतात. नडगीवर पसरलेली दुखरी भावना असेल तर उड्या कमी. पण बोटाच्या टोकाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी हाड दुखत असेल तर उड्या बंद आणि डॉक्टर, कारण ते स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर, असू शकतं. घोटा मुरगळल्यावर मुलगी चार पावलं टाकू शकत नसेल तर एक्स-रे. डोक्याला मार लागून गरगरलं, गोंधळली किंवा उलटी झाली तर त्या दिवशी खेळ संपला, अंतिम सामना असला तरी. गुडघ्यात "टक" असा आवाज होऊन सूज आली तर तिला चालवून बघू नका.

पाळी, खाणं, बोलणं

क्रीडासाहित्याच्या पेटीत सॅनिटरी पॅड आणि एक जादा गडद रंगाची शॉर्ट ठेवा, आणि त्या कुठे आहेत हे सगळ्यांना हंगामाच्या सुरुवातीलाच एकदा सांगून टाका. मागायला लागू नये हा हेतू. शिक्षक पुरुष असेल तर एखाद्या शिक्षिकेला या कामासाठी जोडून घ्या. पाळीत खेळायचं की नाही हे मुलगी ठरवेल. जिला त्रास होतो तिने न खेळणं हा बहाणा नाही, आणि जिला होत नाही तिला बसवून ठेवणं ही काळजी नाही.

सराव वाढल्यावर पाळी थांबली तर काही जण ते "फिटनेस वाढल्याचं" लक्षण समजतात. तसं मुळीच नाही. सलग तीन महिने पाळी न येणं हे बहुतेकदा खर्चाच्या मानाने खाणं अपुरं पडत असल्याची खूण असते आणि त्यात हाडं कमकुवत होतात. पालकांशी बोलून डॉक्टरांकडे पाठवा. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आलीच नसेल तरी दाखवून घ्यावं. सतत थकवा, पटकन दम लागणं असेल तर रक्तातलं लोह तपासायला सांगा.

उंच उडीत वजन कमी म्हणजे उडी उंच, हे गणित मुली स्वतःच मांडतात. त्यांना ते तुमच्या तोंडून ऐकू येता कामा नये. मी वजनकाटा सरावाला आणत नाही. कोणाच्या अंगकाठीवर कौतुकसुद्धा करू नका.

तंत्र दाखवताना हात लावावा लागला तर आधी विचारा, आणि शक्यतो दुसऱ्या मुलीकडून दाखवून घ्या. एकट्या मुलीशी खासगी मेसेज नकोत, पालक असलेल्या गटातच निरोप. प्रवासात आणि उशिराच्या सरावात दोन मोठी माणसं, त्यात एक स्त्री.

चुका मुलीला बाजूला घेऊन सांगा आणि एका वेळी एकच. "पाय आखडला, हात खाली, मान वळली" असं तिन्ही सांगितलं की पुढच्या उडीत चौथीच चूक होते. झोपेबद्दल मात्र सगळ्यांसमोर आणि वारंवार बोला. या वयात आठ ते दहा तास लागतात, परीक्षेच्या काळातही.

स्पर्धेचा दिवस

लांब उडीची पहिली उडी सुरक्षित हवी. सुरुवातीची खूण नेहमीपेक्षा दहा सेंटिमीटर मागे घेऊन एक वैध माप नोंदवून घ्या, मग मोकळेपणाने खेळा. बऱ्याच स्पर्धांत तीन उड्यांनंतर पुढच्या उड्या फक्त आघाडीच्या मुलींनाच मिळतात, त्यामुळे तिन्ही फाऊल म्हणजे दिवस संपला. फाऊलचा नियमही मुलींना नीट सांगा. २०२१ च्या शेवटापासून जागतिक नियमांत फळीच्या पुढच्या कडेच्या उभ्या रेषेपलीकडे उडताना बूट गेला की फाऊल धरतात, फळीपुढच्या मऊ प्लास्टिसिनवर ठसा उमटायची गरज राहिलेली नाही.

उंच उडीत सुरुवातीची उंची मुलीने सरावात झोपेतसुद्धा पार केलेली असावी. पण फार खालूनही सुरू करू नका, पायात मोजक्याच चांगल्या उड्या असतात. सलग तीन अपयशांनंतर बाद. बरोबरी झाली तर शेवटच्या पार केलेल्या उंचीवर कमी प्रयत्न लागले ती पुढे, मग एकूण अपयशं कमी असलेली. म्हणजे खालच्या उंचीवर निष्काळजीपणे पाडलेला बार शेवटी पदक घालवू शकतो.

सामना आणि उड्या एकाच दिवशी आल्या तर आदल्या दिवशीच मुलीबरोबर बसून एक मुख्य गोष्ट ठरवा. सामना सकाळी असेल तर तिला दोन क्वार्टरपेक्षा जास्त खेळवू नका आणि हे बाकीच्या संघालाही आधीच सांगा, म्हणजे ती बाकावर बसल्यावर कुजबुज होत नाही. दोन स्पर्धाप्रकारांच्या वेळा एकमेकींवर आल्या तर उडीच्या पंचांना ती निघण्यापूर्वी भेटा. फेरीतला क्रम बदलून देण्याची मुभा त्यांना असते. न सांगता गेली आणि नाव पुकारलं गेलं, तर ती उडी सोडली असं धरलं जातं.